पक्की टीप

नळीवर लेबल: बेबी ऑफ हेमांगी दुदवडकर.
वय दिवस अकरा. बारसं उद्या होतं.
नाळ पडली नवव्या दिवशी,
त्याच रात्री बेंबीतून रक्त.
थांबलं.
लंगोट बदलताना पुन्हा.

पीटी नॉर्मल. एपीटीटी नॉर्मल. प्लेटलेट भरपूर.
यंत्र म्हणतं, गोठतंय की, वेळेत गोठतंय.
यंत्राला गोठण्याची सुरुवात तेवढी कळते.
टिकण्याचं त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून ही जुनी, स्वस्त तपासणी.
एका नळीत तिचा प्लाझ्मा, दुसरीत माझा,
परळच्या या लॅबमध्ये रात्रपाळीला
नॉर्मल म्हणून मीच उरते.
कॅल्शियम घातलं. दोन्हीकडे
खरवसाच्या वडीसारखी गुठळी धरली,
हलवली तर थरथरणारी, सारखीच पांढरी.
मग दोन्ही युरियाच्या पाण्यात सोडल्या
आणि डबा उघडला. भेंडी होती.

संध्याकाळी हेमांगी बाकावर बसून होती,
काळाचौकीला साड्यांचं फॉल-पिको करते ती.
फॉर्मवरचा प्रश्न मी वाचून दाखवला:
नात्यात लग्न?
आत्याचा मुलगा, म्हणाली, आमच्यात चालतं.
मी तिला सांगत होते,
फायब्रिनचे धागे एकमेकांना टेकून उभे राहतात,
पण नुसते टेकून.
मग एक एन्झाइम येतं,
एका धाग्याचा ग्लुटामिन धरतं, शेजारच्याचा लायसिन,
दोघांची गाठ मारतं,
त्या व्यवहारात अमोनियाचा एक कण उडून जातो
आणि मग ती गाठ सहजी सुटत नाही.

ती बाळाच्या दुपट्याची कड बोटांनी चाचपत होती.
म्हणाली, म्हणजे धावदोरा घातलाय,
वरून टीप मारायची राहिलीय.

हो. अगदी तेच.
डिप्लोमाची दोन वर्षं मी आकृत्या काढल्या,
मला नव्हतं सुचलं.

काय नाव त्याचं, त्या टीप मारणाऱ्याचं?
फॅक्टर तेरा, मी म्हटलं. तेरावा.
सासूबाई कोपऱ्यातून कडाडल्या,
ओल्या बाळंतिणीसमोर काय हा शब्द!
त्यांचंही बरोबर.
आपल्याकडे तेराव्याचं कुणाला कौतुक?
दुष्काळात येतो तो महिना,
आणि माणूस गेल्यावर घालतात ते जेवण.
कसं सांगू त्यांना,
या पोरीचं दुखणं एवढंच आहे
की तिच्यात तेरावा आलाच नाही.

बारा वाजून चाळीस मिनिटं.
तिच्या नळीत आता नुसतं पाणी,
वडी नाही, साय नाही, तळाला कणही नाही.
खिडकीखाली हिंदमाताच्या पुलावरून एक टेम्पो गेला
आणि सगळ्या काचा किणकिणल्या.
माझी गुठळी शेजारी जागच्या जागी.
मला तिची उगाचच लाज वाटली.

तिसरी नळी लावली मग.
नऊ भाग तिचा प्लाझ्मा, एक भाग माझा.
पहाटे पाचपर्यंत
चार वेळा उजेडासमोर धरून पाहिली.
टिकली.
इतकं थोडं लागतं. इतकंसुद्धा नव्हतं.

सहा वाजता क्रायोची पिशवी
सदतीस अंशांच्या पाण्यात वितळत होती,
डॉक्टर पारधे जांभई देत सही करत होते.
हेमांगीने विचारलं, किती दिवस पुरेल?
चार आठवडे. मग पुन्हा. मग पुन्हा.
तिने बोटांवर मोजलं,
दिवाळी, नाताळ, संक्रांत,
गिऱ्हाइकाला तारीख देताना मोजावं तसं.

मग हळूच, सासूबाईंना ऐकू जाणार नाही असं:
बारसं उद्या ठेवलं तर?
तेराव्या दिवशी?

मी म्हटलं, ठेवा.

सातला पाळी संपली. नळ्या टाकून दिल्या.
माझी गुठळी जाता जाता हलवून पाहिली,
अख्खी होती. कशालाच लागणार नव्हती.